माल नाही आला तर कोणाला धरू?

पत्र:

‘नमस्कार. वसमत तालुक्यात आमची साडेतीन एकर हळद आहे. दरवर्षी हळकुंडं बाजारात, मोंढ्यावर नेऊन घालतो. यंदा पाच क्विंटल घरी ठेवून पूड केली आणि नांदेडच्या एका पोराकडून १८,००० रुपये देऊन वेबसाइट काढली. फेसबुकवर जाहिरातीला ६,००० घातले. दोन महिन्यांत ११०० लोक येऊन गेले म्हणे, ६४ जणांनी पाकीट टोपलीत टाकलं आणि पैसे भरले तिघांनी. त्यातले दोघं आमचेच पाव्हणे. लोक बघायलेत, दर विचारायलेत, आन् पैशाच्या वेळेला पळायलेत. हळद एक नंबर आहे, मग लोकाला भरवसा काऊन वाटंना? मालक म्हणतात आणखी दहा हजाराची जाहिरात करू. करावी का?’
एक भगिनी, ता. वसमत, जि. हिंगोली

ताई, जाहिरातीचं आधी: करू नका, निदान आत्ता तरी नको. ६४ जण टोपलीपर्यंत, म्हणजे वेबसाइटवरच्या ‘कार्ट’पर्यंत, आले म्हणजे हळद त्यांना हवी होती. जाहिरातीनं तिचं काम केलं. ऑनलाइन दुकानांत भरलेल्या टोपल्यांपैकी साधारण ७० टक्के तशाच सोडल्या जातात, हे जगभरचं चित्र आहे. त्या हिशेबानं तुमच्याकडे १५-२० जणांनी पैसे भरायला हवे होते. पाव्हणे सोडले तर एकानं भरले. दहा हजार आणखी घातले तर पळणाऱ्यांची संख्या वाढेल, एवढंच.

आता पळतात का, ते. मोंढ्यात गिऱ्हाईक हळकुंड मोडून आतला रंग बघतं, काट्यावर वजन बघतं, आणि माल वाईट निघाला तर पुढच्या बाजाराला तुम्ही तिथंच बसलेल्या सापडता. यातलं मोबाइलवर काहीच नाही. त्यामुळे पुण्याच्या किंवा लातूरच्या अनोळखी माणसाच्या मनात हळद चांगली की वाईट हा दुसरा प्रश्न असतो. पहिला प्रश्न असा: पैसे गेले आणि माल नाही आला तर कोणाला धरू? तुमचं दुकान साध्या मोबाइलवर उघडून पैसे भरायच्या पायरीपर्यंत जाऊन बघितलं. त्या प्रश्नाचं उत्तर कुठंच मिळत नाही, आणि चार-पाच ठिकाणी तर शंका वाढेल असंच लिहून ठेवलंय.

सगळ्यांत मोठी चूक शेवटच्या पायरीवर आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करू. दुकानाचं नाव एक, आणि क्यूआर स्कॅन केल्यावर यूपीआयमध्ये दिसतं ते नाव भलत्याच पुरुषाचं. तुमच्या दिराचं खातं असेल, घरचाच माणूस असेल. पण ते गिऱ्हाइकाला कसं कळावं? ३० जून २०२५ पासून यूपीआयमध्ये पैसे पाठवताना बँकेच्या नोंदीतलंच नाव दिसतं, आपण ठेवलेलं टोपणनाव दिसत नाही. पिन टाकायच्या आधी माणूस तेवढं एकच नाव वाचतो, आणि ऑनलाइन फसवणुकीच्या बातम्यांत त्यानं हेच वाचलेलं असतं: दुकान एकाचं, खातं दुसऱ्याचं. तुमच्या ६४ पैकी बरेच जण इथूनच परत गेले असणार.

उपाय: दुकानाच्या नावानं चालू खातं काढा. त्यासाठी उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, करून घ्या. सरकारी पोर्टलवर ती फुकट होते, कोणी हजार-दोन हजार मागितले तर देऊ नका. मग त्या खात्याला एखादी पेमेंट गेटवे सेवा जोडा, म्हणजे गिऱ्हाइकाकडून ऑनलाइन पैसे घेऊन तुमच्या खात्यात जमा करणारी कंपनी. गेटवेवाले तुमचं पॅन, खातं, पत्ता तपासतात आणि दुकानावर परतीचे नियम, संपर्काचं पान आहे की नाही तेही बघतात. त्यात आठ-दहा दिवस जातील. तोवर काय? तर क्यूआरच्या वरच मराठीत लिहा: ‘पैसे भरताना अमुक हे नाव दिसेल. हे आमच्या घरातलं खातं आहे.’ आधी सांगितलेलं नाव पुढं दिसलं की माणूस दचकत नाही. हे कायमचं करू नका, पण आजच्या आज होण्यासारखं आहे.

त्याच पायरीवर दुसरी अडचण. पाकिटावर ५०० ग्रॅम, २४० रुपये. नाव, पत्ता, पिनकोड, फोन सगळं भरून झालं की खाली एकदम ३३० होतात, कारण ९० रुपये घरपोच खर्च तिथं पहिल्यांदा दिसतो. टोपली अर्धवट सोडण्याच्या कारणांत असा मागाहून निघालेला खर्च सगळ्यांत वर असतो. ९० रुपये जास्त आहेत असं नाही. ते लपवले असं वाटतं. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ३० नोव्हेंबर २०२३ ला फसव्या मांडणीचे जे १३ प्रकार ठरवून त्यांवर बंदी घातली, त्यांत हाही आहे: किंमत थेंबाथेंबानं उघड करणं. तुमचा हेतू तसा नसेल, पण गिऱ्हाइकाला हेतू दिसत नाही, आकडा दिसतो.

यात वजनाचीही एक गोम आहे. पोस्ट आणि कुरिअर दोघंही बहुधा ५०० ग्रॅमच्या टप्प्यानं भाडं लावतात. तुमची हळद ५०० ग्रॅम, वर पाउच, खोका, चिकटपट्टी मिळून ६०-७० ग्रॅम. पार्सल भरतं ५६५ ग्रॅम, आणि तुम्ही भाडं देता एक किलोचं. दर वेळी साडेचारशे ग्रॅम हवा पाठवता म्हणा ना. त्यापेक्षा पाकीट ४०० ग्रॅमचं करा. एक पाकीट खोक्यासकट ५०० च्या आत बसतं. दोन पाकिटं ८०० ग्रॅम, खोका धरून ९०० च्या आसपास, म्हणजे एक किलोच्या आत. खोका मोठा घेऊ नका. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५००० नं भागायचं. येईल ते किलोतलं वजन खऱ्या वजनापेक्षा जास्त असेल तर अनेक कुरिअरवाले तेच धरतात. २५ × २० × १५ चा खोका घेतला तर आत ९०० ग्रॅम असूनही दीड किलोचं भाडं पडतं.

पण ४०० ग्रॅम दिसलं की ‘शंभर ग्रॅम खाल्ले’ अशी शंका येते, आणि ती रास्त आहे. मोठमोठ्या कंपन्यांनी लोकांना ती सवय लावली आहे. म्हणून किमतीच्या शेजारीच लिहा: ‘किलोला ४८० रुपये या दरानं’. आणि पहिल्याच पानावर, टोपलीच्या बटणाच्या वर: ‘२ पाकिटं (८०० ग्रॅम) ३८४ + घरपोच ९० = एकूण ४७४ रुपये. यापुढे काही वाढणार नाही.’ शेवटच्या पायरीला नेमके ४७४ च दिसले पाहिजेत. ४७४.५० सुद्धा नको.

माल हाती आल्यावर पैसे, म्हणजे सीओडी, ठेवावी का? तुमच्याकडे ती नाही, आणि फोन करणारे बहुतेक तेच विचारत असतील. नव्या दुकानाला सीओडी नसेल तर लोक बिचकतात हे खरं. पण डोळे झाकून ठेवली तर ती तुम्हाला खाईल. १० पार्सलं गेली आणि ३ परत आली असं धरा. जायचं भाडं ९०, यायचं तेवढंच. तीन पार्सलांचे ५४० रुपये तुमच्या पदरचे. एका पार्सलामागं ७० सुटतात असं धरलं तर उरलेल्या सातांचे मिळाले ४९०. म्हणजे दहा पार्सलं पाठवून ५० रुपये घरातून घातले, आणि चेपून आलेली पाकिटं वेगळीच. मधला रस्ता असा: १०० रुपये आधी घ्या, बाकी दारात. ज्याला माल खरंच हवा आहे तो १०० भरतो, आणि त्यालाही सगळे पैसे एकदम अडकवल्यासारखं वाटत नाही. शिवाय पाठवण्याआधी एक फोन: ‘पत्ता बरोबर आहे ना, गुरुवारपर्यंत येईल, घरी कोण असेल?’ या एका फोननं परत येणारी पार्सलंही कमी होतात आणि समोरच्याला माणसाचा आवाज ऐकू येतो.

आता फोनचंच घ्या. दुकानावर नंबर आहे, पण दिवसा लागत नाही. शेतात असाल, तिथं रेंज नसेल. नंबर न लागणं हे नंबर नसण्यापेक्षा वाईट, कारण माणूस खात्री करायलाच फोन करत असतो. चोवीस तास सेवेचा दावा काढून टाका आणि खरं लिहा: ‘फोन: सकाळी ७ ते ९, संध्याकाळी ६ ते ९. दिवसा शेतात असतो, व्हॉट्सअ‍ॅपवर लिहा, संध्याकाळी उत्तर देऊ.’ व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस फुकट आहे. त्यात वेळा भरता येतात आणि तुम्ही नसताना आपोआप निरोप जाईल अशी सोय आहे. पत्ता नुसता ‘वसमत, महाराष्ट्र’ असा चालणार नाही. गाव, खूण, तालुका, जिल्हा, पिनकोड, आणि तक्रारीसाठी घरातल्या एका माणसाचं नाव. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम २०२० प्रमाणे हे देणं बंधनकारकच आहे: पत्ता, संपर्क, तक्रार निवारण करणाऱ्याचं नाव, तक्रार आल्यावर ४८ तासांत पोच आणि महिन्याच्या आत निकाल. गूगल मॅपवर दुकानाची नोंद करा. त्यासाठी बहुधा व्हिडिओ मागतात: रस्ता, घरावरची पाटी, आतलं साहित्य. म्हणून आधी पाटी रंगवा. शंभर-दीडशे रुपयांच्या पत्र्याच्या पाटीचा एवढा उपयोग दुसरीकडं होणार नाही. गिऱ्हाईक दुकानाचं नाव गूगलवर टाकतंच, आणि तिथं नकाशावर पाटीचा फोटो दिसला की ‘कोणाला धरू’ला निम्मं उत्तर मिळतं.

फोटो. तुमच्या पानावरचे फोटो इंटरनेटवरून उचललेले आहेत. तोच लाकडी चमचा आणि तीच पिवळी रास आणखी पन्नास दुकानांत आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठानं २००२ मध्ये २,६८४ लोकांना संकेतस्थळं दाखवून भरवशाबद्दल विचारलं, तेव्हा ४६ टक्के शेऱ्यांमध्ये दिसण्याचा, मांडणीचा उल्लेख होता. हे वेबसाइटवाल्यांना बरोबर माहीत असतं, आणि ते तिथंच थांबतात. गुळगुळीत मांडणीनं माणूस आत येतो. आत आल्यावर त्याला तुमची हळद बघायची असते.

स्वतःच्या मोबाइलवर सात-आठ फोटो काढा. सकाळी आठ-नऊच्या उन्हात, सावलीच्या कडेला, पांढऱ्या कापडावर. मोडलेलं हळकुंड, आतला केशरी रंग दिसेल असं. पूड स्टीलच्या वाटीत. फोनमधलं रंग भडक करणारं सेटिंग बंद ठेवा, नाहीतर आलेली हळद फोटोपेक्षा फिकी दिसते आणि भेसळीचा आरोप होतो. पाकीट काट्यावर ठेवून, आकडा वाचता येईल असा. पाकिटाची पुढची बाजू, आणि मागची. मागच्या बाजूचा फोटो दुकानदार टाकत नाहीत आणि सावध गिऱ्हाईक नेमकं तोच मोठा करून वाचतं: १४ आकडी एफएसएसएआय (केंद्राचं अन्न सुरक्षा प्राधिकरण) क्रमांक, निव्वळ वजन, कमाल किंमत, प्रति ग्रॅम दर, पॅकिंगचा महिना-वर्ष, कधीपर्यंत वापरावं, बॅच, पत्ता, फोन. पाकीटबंद मालाच्या नियमांनुसार यातलं बरंचसं वेबसाइटवरही दाखवावं लागतं. पूड करून पाकीट बंद केलं की एफएसएसएआयचा क्रमांक लागतोच. तुमच्या पाकिटावर तो आहे, वेबसाइटवर नाही. तो टाका, आणि खाली लिहा की एफएसएसएआयच्या फॉसकॉस पोर्टलवर हा क्रमांक टाकून आमचं नाव तपासा. दहातला एकच तपासेल, पण ‘तपासा’ म्हणणाऱ्यावर बाकीचे नऊही विश्वास ठेवतात. राज्याबाहेर पाठवणार असाल तर जीएसटी नोंदणी लागते. महाराष्ट्राचा क्रमांक २७ पासून सुरू होतो, तोही तळाशी टाका.

एक छोटा व्हिडिओ करा, ४० सेकंदांचा, न कापलेला. काचेच्या पेल्यात पाणी, त्यात एक चमचा तुमची पूड, ढवळायची नाही. शुद्ध हळद खाली बसताना पाणी फिकट पिवळं करते. रंग मिसळलेली असेल तर पाणी गडद पिवळं होतं. एफएसएसएआयनं घरगुती तपासणीसाठी सांगितलेली ही रीत आहे. आणि लिहा: ‘पाकीट आल्यावर घरी करून बघा.’ एखाद्या एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत एका बॅचची तपासणी करून कर्क्युमिन (हळदीला पिवळा रंग देणारा घटक) आणि शिशाचा अहवाल घेतलात तर तो पूर्ण पानाचा टाका, तारीख आणि बॅच क्रमांक दिसेल असा. कापलेला अहवाल टाकण्यापेक्षा न टाकलेला बरा.

आता काढून टाकायच्या गोष्टी. यावर वेबसाइट करणाऱ्या पोराशी तुमचं थोडं वाजेल.

पहिलं ते लाल घड्याळ: ‘सवलत संपायला ०९:५८ मिनिटं’. पान पुन्हा उघडलं की ते पुन्हा दहा मिनिटांपासून सुरू होतं. लोक दोनदा उघडतात, ताई. ‘सध्या १७ जण हे पाकीट बघत आहेत’ हेही तसंच. दोन महिन्यांत ११०० लोक आले, म्हणजे दिवसाला १८. त्यातले १७ एकाच वेळी? खोटी घाई आणि खोटी गर्दी ही फसव्या मांडणीच्या त्याच १३ प्रकारांत मोडते.

दुसरं, ते २३ अभिप्राय. सगळे पाच तारे, सगळे एकाच तारखेचे, आणि ‘अमेझिंग प्रॉडक्ट, लव्ह इट’ अशा इंग्रजीत. विक्री तीन पाकिटांची. विकणाऱ्यानं गिऱ्हाईक बनून अभिप्राय लिहायला ई-कॉमर्स नियमांत मनाई आहे, आणि भारतीय मानक ब्युरोनं २०२२ मध्ये ऑनलाइन अभिप्रायांसाठी आयएस १९००० हे मानक काढलं ते याच रोगावर. सगळे पुसा. शून्य अभिप्राय असलेलं दुकान नवं वाटतं. २३ खोटे असलेलं लबाड वाटतं. खरे मिळवायचे तर प्रत्येक पार्सलात एक चिठ्ठी ठेवा आणि माल पोचल्यावर चार-पाच दिवसांनी फोन करा: ‘भाजीत टाकून बघितली का? कशी वाटली?’ ते जे बोलतील ते त्यांच्याच शब्दांत, त्यांना विचारून, पहिलं नाव आणि गाव घालून टाका. कोणी म्हणालं की ‘दळण जरा जाडसर आहे’, तर तेही राहू द्या आणि खाली लिहा: ‘बरोबर आहे. पुढच्या बॅचला चाळणी बारीक लावली आहे.’ अर्थात खरंच लावली असेल तर.

तिसरं, ‘१०० टक्के शुद्ध’. मे २०२५ मध्ये एफएसएसएआयनं खाद्यपदार्थांच्या पाकिटावर आणि जाहिरातीत ‘१०० टक्के’ हा शब्दप्रयोग थांबवायला सांगितलं आहे. ‘कॅन्सर, मधुमेहावर रामबाण’ ही ओळ तर आजच काढा. तसा दावा १९५४ च्या औषधी व जादुई उपाय कायद्यात गुन्हा ठरू शकतो, आणि शिकलेलं गिऱ्हाईक ती ओळ वाचून बाकीचं वाचतच नाही. ‘सेंद्रिय’ लिहिलंय; पीजीएस इंडियासारखं सेंद्रिय शेतीचं प्रमाणपत्र आहे का? नसेल तर जे करता ते लिहा: बेणं कोणतं, कोणतं खत घातलं, काय फवारलं, हळद कधी शिजवली, किती दिवस उन्हात वाळवली, पॉलिश ड्रममध्ये केली का, दळण कुठं. एवढा तपशील खोटं बोलणाऱ्याला लिहिता येत नाही.

वसमत हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे, आणि तुम्ही त्याचं चिन्ह लावलं आहे. वसमतला पिकवली एवढ्यानं ते वापरता येत नाही. चेन्नईच्या भौगोलिक मानांकन नोंदणी कार्यालयात अधिकृत वापरकर्ता म्हणून नाव लागावं लागतं. मानांकन ज्या संस्थेच्या नावावर आहे तिच्यामार्फत अर्ज करा. तोवर ‘वसमत तालुक्यातल्या आमच्या शेतातली’ एवढं पुरे. ‘विश्वसनीय विक्रेता’ असे सोनेरी गोल शिक्के पण काढून टाका. ते कोणी दिलेत, हे दाबल्यावर कळत नाही.

परतीचं पान वाचलं होतंत का? बहुतेक नाही. ते इंग्रजीत आहे, कुठल्या तरी दुसऱ्या दुकानाचं नाव त्यात तसंच राहिलंय, ‘बुटाचा साइज दहा दिवसांत बदलून मिळेल’ असं लिहिलंय आणि वाद दिल्लीच्या न्यायालयात चालेल म्हणे. वसमतची हळद, दिल्लीचं न्यायालय, बुटाचा साइज. हे पान वाचणारा माणूस थोडा असतो, पण तो पैसे भरायच्या अगदी बेतात असलेला असतो. त्याजागी हे टाका:

‘पाकीट फाटलेलं, ओलसर किंवा चुकीचं आलं तर ३ दिवसांत व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवा. २४ तासांत उत्तर देऊ. पाकीट परत पाठवायची गरज नाही. नवं पाकीट पाठवू, किंवा घरपोच खर्चासकट सगळे पैसे ज्या खात्यातून आले तिथंच ७ दिवसांत परत करू. उघडून वापरलेलं पाकीट रंग किंवा चव आवडली नाही म्हणून परत घेता येणार नाही. आमच्याकडून दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करता येते.’

१९१५ लिहायला मालक नको म्हणतील. लिहाच. फसवणारा माणूस तक्रारीचा नंबर देत नाही, हे गिऱ्हाइकाला कळतं. पाकीट परत मागवू नका, कारण परतीच्या भाड्यात दुसरं पाकीट जातं. आणि कोणी खोटा फोटो पाठवून फुकट पाकीट घेतलं तर? शंभरात एखादा घेईल. त्याचा नंबर लिहून ठेवा, पुढं नाही म्हणा.

भाषेचं थोडकं. मराठी पानं यंत्रानं भाषांतर केलेली आहेत. पैसे भरल्यावर ‘तुमची ऑर्डर ठेवली गेली आहे’ असा निरोप येतो. कुठं ठेवली, असं कोणीही विचारेल. ‘तुमची ऑर्डर मिळाली’ म्हणा. ‘टोपलीत टाका’, ‘पैसे भरा’, ‘पार्सल कुठं पोचलं बघा’ हे बटणांवर पुरे. पाच-पाच एमबीचे फोटो दीडशे-दोनशे केबीवर आणा, गावाकडं पान उघडेपर्यंत माणूस निघून जातो. एचटीटीपीएस, म्हणजे माहिती सुरक्षित नेणारी जोडणी, तुमच्याकडे आहे, ते ठीक. नसतं तर ब्राउझरनंच ‘सुरक्षित नाही’ असं दाखवलं असतं. पण ते असलं म्हणून दुकान खरं ठरत नाही, फसव्या दुकानांकडेही असतं, तेव्हा त्याची जाहिरात करू नका.

पैसे भरल्यानंतरचे तीन दिवस हा आणखी एक नाजूक काळ. तुमच्या एकुलत्या एक परक्या गिऱ्हाइकाला पहिला निरोप कधी गेला ते बघा. पैसे मिळाले की लगेच एक, पाकीट बांधल्यावर त्याचा पत्त्यासकट फोटो, पोस्टात टाकल्यावर ट्रॅकिंग क्रमांक, पोचल्यावर एक. चार निरोप, चार मिनिटांचं काम. पिनकोडला खासगी कुरिअर जात नसेल तर स्पीड पोस्टनं पाठवा आणि तसं आधी सांगा. ‘५ ते ७ दिवस’ लिहून चौथ्या दिवशी पोचलेलं पार्सल लोकांना आवडतं, ‘३ दिवस’ लिहून चौथ्या दिवशी पोचलेलं नाही.

क्रम असा धरा. आज: क्यूआरवरची ओळ, फोनच्या खऱ्या वेळा, घड्याळ आणि खोटे अभिप्राय काढणं, कॅन्सरची ओळ पुसणं. या आठवड्यात: परतीचं पान, एकूण किंमत वर आणणं, फोटो. या महिन्यात: चालू खातं, गेटवे, गूगलची नोंद, ४०० ग्रॅमची पाकिटं. ज्यांनी टोपली भरताना नंबर सोडला असेल त्यांना एकदाच, नीट निरोप पाठवा की काय दुरुस्त केलं आणि आता एकूण किती पडेल. पुन्हा पुन्हा नको.

आणि हे सगळं झालं की जाहिरातीआधी एक करा. तुम्हाला न ओळखणाऱ्या कुणाला तरी, मुलाच्या मित्राची आई असेल, बचत गटातल्या कोणाची नणंद असेल, तिच्याच मोबाइलवर तिच्याच पैशानं एक पाकीट घ्यायला सांगा. तुम्ही शेजारी बसा आणि तोंडातून शब्द काढू नका. तिचा अंगठा कुठं थांबतो, कुठं मागं येतो, काय मोठं करून वाचते, ‘आता काय करू’ म्हणून तुमच्याकडं कधी बघते, ते वहीत लिहा. ती वही आणि त्या पोराला दिलेल्या १८,००० चा हिशेब दोन्ही घेऊन नांदेडला जा; अजून बरंच काम त्यानं त्याच पैशात करून द्यायचं राहिलंय.